घेर आणि धाव

नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या शिवारांना लाभले तेथे उसाचे मळे उभे राहिले, आणि ज्यांच्या वाट्याला ते आले नाही तेथे विहिरीच्या काठावर तेलाच्या इंजिनाची धडधड सुरू झाली, असे बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या गेल्या शतकातील शेतीचे वर्णन थोडक्यात करता येईल. आणि याच भूमीवर पुढे एकीकडे कळंबच्या शिवारात वालचंदनगर वसले व दुसरीकडे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा वाहननिर्मितीचा कारखाना उभा राहिला, त्यामुळे इंजिन ही वस्तू येथील माणसाला फार दिवस परकी राहिली नाही. गाडी कोणती, या प्रश्नापाठोपाठ ती किती सीसीची, हा प्रश्न येथे चहाच्या टपरीवर, बाजारतळावर आणि लग्नाच्या बैठकीतही सहज विचारला जातो. परंतु या संख्येविषयी जितका आदर आहे तितके तिचे ज्ञान नाही, आणि ती वाढविण्याची जितकी हौस आहे तितकी तिच्या परिणामांची जाणीव नाही, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. सीसी म्हणजे ताकद नव्हे. सीसी म्हणजे जागा. आणि ती जागा वाढविणाऱ्याने तिच्याभोवतीच्या प्रत्येक भागाशी नवा करार केला पाहिजे, एवढेच मला येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे आजच्या भाषेत पिस्टन, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जितकी जागा व्यापतो तितके त्या इंजिनाचे घनफळ. ते दोनच मापांवर ठरते. सिलिंडरचा आतला व्यास, ज्याला बोअर म्हणतात, हे पहिले माप. आणि पिस्टनची एका दिशेची धाव, ज्याला स्ट्रोक म्हणतात, हे दुसरे. ज्याने विहीर खणली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट मावते, पण व्यास दुप्पट केला तर चौपट मावते, कारण व्यासाचा हिशेबात वर्ग होतो. व्यासाचा वर्ग, त्याला ०.७८५४ ने गुणावे, मग धावेने गुणावे, आणि सिलिंडर एकाहून अधिक असतील तर त्यांच्या संख्येने. सर्व मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर सरळ घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे सीसीमध्ये मिळते.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिची एका सिलिंडरची डिझेल इंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर घरच्यासारखी नांदू लागली. त्यांतील एव्ही-१ या इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक ११०. आठाचा वर्ग चौसष्ट, त्याला ०.७८५४ ने गुणले की पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ ५०.२७ चौरस सेंटिमीटर येते. त्याला ११ ने गुणले की घनफळ सुमारे ५५३ सीसी. मिनिटाला १५०० फेरे घेत हे इंजिन ५ अश्वशक्ती देते, आणि दिवसभर देते. त्याच घराण्यातील टीव्ही-१ या इंजिनात स्ट्रोक तोच, ११०, ठेवून बोअर ८७.५ मिलिमीटर केला आहे. घनफळ होते सुमारे ६६१ सीसी आणि शक्ती ७ अश्वशक्ती. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी ज्याच्यावर वर्षानुवर्षे प्रयोग करीत आले ते हेच टीव्ही-१.

या दोन इंजिनांकडे जरा थांबून पाहण्याजोगे आहे, कारण घनफळ वाढविण्याचा सारा व्यवहार त्यांच्यात उघडा पडलेला आहे. साडेसात मिलिमीटरची वाढ म्हणजे व्यासात सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. पण घनफळ वाढले जवळजवळ वीस टक्के. हेच वीस टक्के धावेतून मिळवावयाचे असते तर ११० चा स्ट्रोक १३१ च्या पुढे न्यावा लागला असता, म्हणजे क्रँक नवी, कनेक्टिंग रॉडचा झोल नवा आणि अंगाने उंच असे वेगळेच इंजिन. आता दुसरी बाजू. पिस्टनचा माथा ५० चौरस सेंटिमीटरवरून ६० वर गेला की ज्वलनाचा दाब तोच राहिला तरी पिस्टनवर, पिनेवर, रॉडवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर पडणारा भार वीस टक्क्यांनी वाढतो. त्याहून सूक्ष्म गोष्ट संपीडनाची, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते याची. एव्ही-१ चे संपीडन गुणोत्तर १६.५ आहे, याचा अर्थ पिस्टन माथ्यावर पोचला असता हवेसाठी केवळ ३५.७ सीसी जागा उरते. तेवढीच जागा ठेवून बोअर ८७.५ केला असता तर गुणोत्तर साडेएकोणीस झाले असते. दाब भलताच चढला असता आणि हेडची गॅस्केट, बोल्ट व बेअरिंग यांना तो सोसावा लागला असता. टीव्ही-१ चे गुणोत्तर १७.५ आहे, म्हणजे ज्वलनाची जागा ४० सीसीच्या आसपास नेलेली आहे. शिवाय वीस टक्के घनफळातून चाळीस टक्के शक्ती निघाली, ती केवळ बोअरातून निघालेली नाही. इंधन अधिक द्यावे लागले, ते जळण्याची व्यवस्था सुधारावी लागली, उष्णता वाहून न्यावी लागली. कारखान्याने हे सर्व केले म्हणून तो मोठा बोअर टिकला.

कारखान्याबाहेर, गावोगावच्या वर्कशॉपमध्ये, बोअर वाढतो तो निराळ्या कारणाने. तेथे तो झीज काढण्यासाठी वाढविला जातो. इंदापुरात पुणे-सोलापूर रस्त्याच्या अंगाला असलेल्या एका अशा वर्कशॉपमध्ये मी पाहिलेले काम येथे तपशिलाने सांगतो. टेबलावर एका टू-स्ट्रोक चेतक स्कूटरचा ब्लॉक होता. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून निघालेल्या या स्कूटरचा बोअर ५७ आणि स्ट्रोकही ५७, घनफळ १४५.४५ सीसी. मिस्त्रींनी ब्लॉक रॉकेलने धुतला, कापडाने कोरडा केला आणि डायल गेज आत उतरविले. एकाच ठिकाणी मापून ते थांबले नाहीत. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आधी एका दिशेने व मग तिला काटकोनात, अशी सहा मापे त्यांनी खडूने फरशीवर लिहिली. माथ्याजवळ, जेथे वरची रिंग थांबून परत फिरते तेथे, ५७.२४, तळाशी ५७.०३. वर्तुळ वर्तुळ राहिलेले नव्हते, नळीही सरळ राहिलेली नव्हती. ही झीज नेहमी वरच अधिक असते, कारण तेथे उष्णता व दाब सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. आणि जिरायत पट्ट्यातील धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की ती रिंगेखाली सापडून लोखंड घासत राहते.

ओव्हरसाइझ पिस्टन साधारणपणे पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी येतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. झीज ०.२४ असताना ०.२५ चा पिस्टन पुरेल असे कागदावर दिसते. पण झीज चारी अंगांना सारखी नसल्याने तेवढे कापून भिंत स्वच्छ होत नाही, म्हणून ०.५० ठरला. स्कूटरचे मालक, निवृत्त शिक्षक, शेजारी बाकावर बसले होते. ते म्हणाले, "मिस्त्री, उघडलंच आहे तर एकदम एक मिलीचाच टाका की. सीसी तरी वाढेल." मिस्त्रींनी मान वर न करता उत्तर दिले, "अण्णा, आज एक मिली कापला, तर पुढच्या खेपेला कापायला काय ठेवू? लोखंड परत उगवत नाही." या उत्तरात जे शहाणपण आहे त्याहून अधिक मला या विषयावरच्या पुस्तकांत फारसे आढळलेले नाही.

नवा पिस्टन हाती आल्याखेरीज ब्लॉक कापावयाचा नाही, हा त्या वर्कशॉपचा दंडक. पिस्टन खोक्यातून काढून त्याच्या स्कर्टचे माप मायक्रोमीटरने घेतले, त्यावर ठरावीक फट धरली, आणि त्या बेरजेपर्यंत बोअर नेला. शेवटचे काही शतांश होनिंगसाठी राखून ठेवले. होनिंगचे दगड वरखाली फिरत असताना भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांचे जाळे उमटते. त्या रेषांत तेल धरून राहते आणि नव्या रिंगा त्यावरच बसतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत करणारा कारागीर नवशिका समजावा. टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला भिंतीतच झरोके असतात. बोअर कापल्यावर त्यांच्या कडा धारदार होतात आणि त्या तशाच सोडल्या तर रिंग त्यांत अडकून मोडते, म्हणून मिस्त्रींनी कानसीने प्रत्येक कडेची धार हलक्या हाताने मारली. या कामाला त्यांनी बोअर कापण्याहून अधिक वेळ दिला.

आता हिशेब पाहा. ५७.५ च्या बोअरने या चेतकचे घनफळ १४८ सीसी झाले. आणि शेवटच्या पायरीवर, ५८ ला, ते १५०.६ होते. म्हणजे जिला लोक आयुष्यभर दीडशेची गाडी म्हणत आले ती खऱ्या अर्थाने दीडशेची होते ती आपल्या शेवटच्या बोअरला. त्यानंतर भिंतीत कापण्याजोगे लोखंड राहत नाही. नवी लाइनर दाबून बसवावी लागते आणि माप पुन्हा मूळ ५७ वर येते.

इंदापूर तालुक्याचा विषय निघाला असता वालचंद हिराचंद यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही, आणि येथे तर ते विषयाला धरूनच आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या उद्योगपुरुषाने कळंबच्या शिवारात ऊस आणि साखर यांची वसाहत उभी केली. पुढे तिच्यातून साखर कारखान्यांची अवजड यंत्रसामग्री निर्माण होऊ लागली आणि अवकाश कार्यक्रमासाठी अग्निबाणांच्या मोटरची कवचेही तेथेच घडली. याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९५३ साली ते निवर्तले. परंतु त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या परवान्यावर जी ११०० मालिकेतील मोटार निघाली आणि पुढे 'पद्मिनी' या नावाने घराघरांत पोचली, तिचे इंजिन हा घनफळाच्या अभ्यासाचा सुंदर धडा आहे. चार सिलिंडर, बोअर ६८, स्ट्रोक ७५, घनफळ १०८९ सीसी. खुद्द इटलीत फियाटने १९५७ साली याच स्ट्रोकवर बोअर ७२ करून १२२१ सीसीची १२०० ही मोटार काढली. चार मिलिमीटरचीच वाढ. पण चार सिलिंडर एकाच ओतीव ब्लॉकमध्ये शेजारी शेजारी असल्याने प्रत्येक दोहोंमधली भिंत चार मिलिमीटरने पातळ होते, आणि पाणी खेळण्याची जागा व हेड गॅस्केटची पट्टी यांवर तिचा ताण पडतो. एका सिलिंडरच्या इंजिनाला ही अडचण नसते. म्हणूनच रॉयल एनफील्डच्या बुलेटचा स्ट्रोक ९० वर अढळ राहून बोअर तेवढा ७० वरून ८४ वर गेला आणि ३४६ ची ४९९ झाली.

प्रीमियरच्याच घरात दुसऱ्या मार्गाचे उदाहरणही मिळते. १९८५ साली आलेल्या ११८ एनई या मोटारीत निस्सानचे ए-१२ जातीचे इंजिन होते: बोअर ७३, स्ट्रोक ७०, घनफळ ११७१ सीसी. त्याचा थोरला भाऊ ए-१० हा ७३ बोअरचाच, पण ५९ स्ट्रोकचा, घनफळ ९८८. म्हणजे एकाच कंपनीच्या इतिहासात फियाटने घेर वाढविला आणि निस्सानने धाव वाढविली.

धाव वाढविणे हे घेर वाढविण्याहून अवघड का, हे बारामतीच्या रस्त्यांवर दिवसभर दिसणाऱ्या वाहनातून समजते. पियाजिओ आणि ग्रीव्ह्ज यांच्या संयुक्त कंपनीने १९९९ पासून बारामतीत ॲपे ही तीनचाकी काढण्यास प्रारंभ केला. तिचे पहिले डिझेल इंजिन ३९५ सीसीचे, बोअर ८६ आणि स्ट्रोक ६८. पुढचे ४३५ सीसीचे, बोअर तोच ८६ आणि स्ट्रोक ७५. सात मिलिमीटरची धाव वाढविण्यासाठी क्रँकची पिन मध्यापासून साडेतीन मिलिमीटर बाहेर सरकावी लागते, कारण धाव ही त्या अंतराच्या दुप्पट असते. पिन बाहेर गेली की पिस्टन खाली साडेतीन मिलिमीटर अधिक जातो, तसाच वरही साडेतीन मिलिमीटर अधिक येतो. आणि वर हेड आहे. तेव्हा एकतर पिस्टनची पिन त्याच्या माथ्याच्या जवळ घ्यावी, किंवा रॉड आखूड करावा, किंवा सिलिंडर उंच करावा, याला चौथा मार्ग नाही. क्रँकचा समतोल पुन्हा साधावा लागतो. रॉड अधिक तिरका होऊन पिस्टनला भिंतीवर रेटतो. आणि तितक्याच फेऱ्यांत पिस्टनला अधिक अंतर धावावे लागते: मिनिटाला ३६०० फेरे धरले तर ६८ च्या धावेला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ८.१६ मीटर येतो, ७५ च्या धावेला ९. ओझे वाहणाऱ्या तीनचाकीला लांब धाव मानवते, कारण तिला कमी फेऱ्यांत अधिक रेटा हवा असतो. पण हे काम वर्कशॉपच्या लेथवर करावयाचे नव्हे. ते घडाई आणि उष्णताप्रक्रिया यांचे काम आहे. बारामतीत ज्या भारत फोर्जचाही कारखाना आहे तिचे नाव जगात झाले ते मुख्यतः क्रँकशाफ्टच्या घडाईमुळे, यावरून एका क्रँकमागे किती विद्या उभी असते याची कल्पना यावी.

पियाजिओच्या बारामतीतील दुचाकी एप्रिल २०१२ मध्ये वेस्पाने सुरू झाल्या. वेस्पाचा वंश १९४६ चा. कोर्रादिनो द'आस्कानियो या विमानविद्येतून आलेल्या अभियंत्याने रचलेल्या पहिल्या वेस्पाचा बोअर ५० आणि स्ट्रोक ५०, घनफळ ९८ सीसी. दोन वर्षांत बोअर ५६.५ करून ती १२५ झाली. बारामतीच्या वेस्पात हीच रीत पुन्हा दिसते: १२५ ची धाव ५८.६ आणि बोअर ५२, घनफळ १२४.४५; आणि २०१६ साली त्याच कारखान्यातून आलेल्या एप्रिलिया एसआर १५० ची धाव तीच ५८.६, बोअर ५८, घनफळ १५४.८. एकाच क्रँकवर दोन गाड्या उभ्या करणे, हे कारखानदारीच्या दृष्टीने किफायतीचे, म्हणूनच बोअरचा मार्ग जगभर आधी चोखाळला जातो.

२०२३ च्या अखेरीस याच कारखान्यातून एप्रिलिया आरएस ४५७ बाहेर पडली. दोन सिलिंडर, बोअर ६९, स्ट्रोक ६१.१, घनफळ ४५७ सीसी. आता विहिरीवरचे एव्ही-१ आणि ही मोटारसायकल शेजारी ठेवा. एव्ही-१ चे घनफळ ५५३, म्हणजे जवळजवळ शंभराने अधिक; शक्ती ५ अश्वशक्ती. आरएस ४५७ ची शक्ती ४७.६. सीसी म्हणजे ताकद असे मानणाऱ्याला या दोन ओळींचे उत्तर देता येणार नाही. उत्तर फेऱ्यांत आहे: एक मिनिटाला १५०० फेरे घेते, दुसरी आपली पूर्ण शक्ती ९४०० फेऱ्यांवर देते. एव्ही-१ मिनिटाला सुमारे ४१५ लिटर हवा ओढू शकते, तर दुसरीच्या वाट्याला त्या गतीने दोन हजार लिटरांहून अधिक येते. उरलेला फरक पेट्रोल आणि डिझेल यांच्या ज्वलनरीतीत, सिलिंडरमागे चार व्हॉल्व्हमध्ये आणि एका गोष्टीत, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: एव्ही-१ च्या पिस्टनचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर आहे, आरएसचा एकोणीस. पहिले इंजिन रात्रभर पाणी ओढून सकाळी तसेच चालू राहण्यासाठी बांधलेले आहे. त्याचा संयम हाच त्याचा गुण. आणि दुसऱ्याचे घनफळ तरी मोकळेपणी ठरलेले नाही. युरोपात नवशिक्या चालकाच्या ए-२ परवान्याला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे आणि ४७.६ अश्वशक्ती ही नेमकी तीच मर्यादा होय.

कायद्याची हद्द आपल्याकडेही आहेच. एमएच-४२ या बारामतीच्या क्रमांकमालिकेतील प्रत्येक वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात घनक्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याचे कलम ५२ उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचे टप्पे ७५, १५० आणि ३५० सीसीवर बदलतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत दुचाकीचा तृतीयपक्ष विमा ७५ च्या वर १५० पर्यंत ७१४ रुपये, तर त्यावर ३५० पर्यंत १,३६६. सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची रेघही ३५० वर आखली गेली: तिच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. आरएस ४५७ अर्थातच बाहेर पडली.

या रेघा धातूच्या झिजेला ठाऊक नसतात. ३४६ सीसीच्या जुन्या बुलेटचा ७० चा बोअर पाव मिलिमीटरने वाढला तर घनफळ ३४८.८ होते आणि अर्ध्या मिलिमीटरने ३५१.३. प्रमाणपत्रावर ३४६ च राहतात. झीज काढण्यासाठी केलेला बोअर आणि हौसेखातर बसविलेला मोठ्या बोअरचा संच या दोन गोष्टी एका मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही. पहिलीने इंजिनाचे आयुष्य वाढते, दुसरीने बहुधा घटते, आणि ब्रेक, चेन व चौकट यांना न विचारताच तो बोजा त्यांच्या माथी मारला जातो. तेव्हा बोअर करणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपने कोणत्या तारखेला, कोणत्या मापापासून कोणत्या मापापर्यंत कापले आणि पिस्टन कोणत्या पायरीचा टाकला, याची लेखी चिठ्ठी मालकास द्यावी व ती वाहनाच्या कागदपत्रांत जपली जावी, अशी माझी सूचना आहे. ओव्हरसाइझचा आकडा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला असतो, परंतु तो हेड उतरविल्याखेरीज दिसत नाही. आणि इंदापूरच्या बाजारात जुनी गाडी घेणारा शेतकरी हेड उतरवून पाहू शकत नाही. इंदापूरच्या त्या मिस्त्रींनी मात्र अण्णांच्या हाती पावती देताना तिच्या पाठीवर ५७.५० हा आकडा आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहून दिली.